बरणीतले हिरवे खडे

न्हाणीघराचं दार आतून लावून तो बेसिनपाशी उभा होता. बरणीतून चमच्यानं काढलेला एक खडा त्यानं कोमट पाण्यात बुडवला, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दोनदा फिरवला. खडा विरघळत होता. कडेनं बुळबुळीत होत होता. तिसऱ्या फेऱ्याला चिमटीच्या बाजूला बारीक, हिरवट पांढरा फेस आला. बाहेर स्वयंपाकघरात बायको तिच्या मोठ्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "त्रेसष्ट! एकेक मोजला मी. वाटाण्याएवढे, काही तर चांगले द्राक्षाएवढे. आणि तो डॉक्टर ह्यांचं पोट फाडायला निघाला होता!" तो फेसाकडे बघत राहिला. बेसिनच्या कडेवर त्याच्या कारखान्याचीच एक साबणाची वडी पडली होती, अर्धी झिजलेली. तिच्यात आणि ह्या खड्यात फरक होता तो रंगाचा आणि वासाचा. एकोणतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला ह्याहून जास्त पुरावा लागत नव्हता, आणि नेमका हाच पुरावा त्याला नको होता.

कारखान्यात त्याला 'नापास' म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागं नापास. प्रत्येक कढईतला नमुना आधी त्याच्या टेबलावर येई आणि त्याची सही झाल्याशिवाय ती कढई साच्यांत ओतली जात नसे. तराजू, काचेच्या नळ्या, थेंबाथेंबानं गुलाबी होणारं पाणी, हे सगळं नंतर. आधी बोटं. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला, तो म्हणायचा, साबण आधी हाताला कळतो आणि मग कागदाला. डोळे मिटायचे, चिमटीत घ्यायचा, तीन फेरे द्यायचे. चौथा फेरा द्यावासा वाटला तर नोकरी सोडून घरी बसायचं. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की परक्याच्या घरी हात धुतानाही त्याचे डोळे आपोआप मिटत आणि बायको कोपरानं ढोसून म्हणे, "अहो, इथे तरी नको." अशा माणसाच्या आतड्यांनी त्याच्याशी हा डाव खेळावा! अर्धा पेला तेल पोटात गेलं, तिथल्या रसांनी ते फोडलं, फळांच्या रसातल्या क्षारांशी त्याची गाठ पडली, पित्तानं रंग दिला. कारखान्यात ज्या कामाला तीन कढया आणि चाळीस माणसं लागतात ते त्याच्या पोटानं एका झोपेत उरकलं होतं. त्याला हसू आलं. खरे खडे तिथंच होते, उजव्या बरगडीखाली, पित्ताच्या पिशवीत. सात. त्यांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

चार महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेच्या जिन्यात ती पहिली कळ आली होती. पाठीतून आरपार कुणी सळई घालावी तशी. तो पायरीवर बसला, कठडा धरला, आणि वर जाणाऱ्या कारकुनाला म्हणाला, "काही नाही, बूट सैल झालाय." मग तपासण्या झाल्या. डॉक्टरनं कागदावर पिशवी काढली, तिच्यात सात ठिपके दिले आणि पेन मिटत सांगितलं, "चार बारीक भोकं. दुसऱ्या दिवशी घरी. दात काढायला लोक ह्याहून जास्त घाबरतात." सगळेच असं म्हणतात. त्याच्या वडिलांच्या डॉक्टरनंही म्हटलं होतं. साधा हर्निया, आतडं उतरलेलं, अर्ध्या तासाचं काम. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि बाहेरच्या लांबलचक बाकावर वडिलांचा चष्मा हातात धरून बसला होता, कारण आत चष्मा चालत नाही. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. चष्म्याच्या काचेवर वडिलांच्या अंगठ्याचा ठसा होता. तो पुसावा की राहू द्यावा हे ठरवत असतानाच दार उघडलं आणि आतून आलेल्या माणसाचा चेहरा बघून त्याला कळलं की आता ठसा पुसायचा नाही. तेव्हापासून त्याला दवाखान्यांच्या वासाचीसुद्धा धडकी भरायची. पण पन्नाशी उलटलेल्या माणसानं, त्यातून हाताखाली अकरा माणसं असलेल्यानं, मला भीती वाटते असं म्हणायचं कसं? तो "बघू" म्हणाला. डॉक्टरला म्हणाला, बायकोला म्हणाला, आणि दर कळेला दात आवळून स्वतःलाही म्हणाला.

उपाय आणला बायकोनं. तिच्या बहिणीच्या शेजारणीच्या दिराचे असेच गेले होते म्हणे. सहा दिवस सफरचंदाचा रस, सातव्या दिवशी उपास, मग जुलाबाचं कडू मीठ, आणि शेवटी ऑलिव्हचं तेल आणि लिंबाचा रस फेटून उभ्यानं एका दमात प्यायचा आणि लगेच उजव्या कुशीवर गुडघे छातीशी घेऊन पडायचं. एरवी त्यानं ह्या गोष्टीची टर उडवली असती. घरात त्याचं तेच काम होतं. दुधाला विरजण लावण्यापासून पडद्याच्या कापडापर्यंत बायकोचं काय चुकतं ते तो गेली सव्वीस वर्षं शांतपणे, पुराव्यासकट सांगत आला होता, आणि तीही हळूहळू सांगायची बंद झाली होती. विचारल्याशिवाय मत देत नसे, आणि तो विचारत नसे. पण ह्या खेपेला तो म्हणाला, "बरं, करून बघू." तिनं चमकून वर बघितलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी बायकोनं पुढं केलेली, म्हणजे धरायला लाजही नाही. उपाय तिचा, हट्ट तिचा, आपण आपलं तिचं मन राखतोय. भेकड माणसाला असा आडोसा मिळाला की तो त्याच्या मागं ताठ मानेनं उभा राहतो.

आणि ते आठ दिवस, खोटं कशाला बोलायचं, सुखाचे गेले. तिनं सकाळी उठून सफरचंदं किसली, फडक्यातून रस पिळला, घड्याळ लावून पेले दिले. तेल पिऊन तो कुशीवर वळला तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून त्याच्या पाठीवर हात ठेवून होती. तो हात किती दिवसांनी तिथं आला होता ते दोघांनाही आठवलं नसतं. उमासे येत होते आणि ती दरवेळी, "गेलं, गेलं, एवढंच," म्हणत होती. सकाळी तिनं त्याला संडासातून बाहेर काढलं, बाह्या वर केल्या, जुनी चाळणी घेतली आणि ती आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. मग एकदम ती ओरडली. तो धावत गेला तर ती चाळणी दोन्ही हातांनी वर धरून उभी, कपाळावर केस चिकटलेले, डोळ्यांत पाणी, आणि चाळणीत ते हिरवे, चकचकीत, ओले खडे. "बघा! बघा की!" नवऱ्याच्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून ती असं हसत होती जशी ती लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर हसली नव्हती. त्याला तिथंच रडू कोसळलं. ते रडू खरं होतं. फेस नंतर आला, दुपारी.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा सांगून टाकायचं हेच त्याच्या मनात होतं. बायकोनं फोन ठेवला, बरणी त्याच्या हातातून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "कसं वाटतंय आता?" तिच्या आवाजात अजून जरा धास्ती होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आपलं बरोबर आलंय आणि आता हा माणूस त्यातही खोट काढेल, ही धास्ती. त्याला ती स्वच्छ ऐकू आली. "हलकं वाटतंय," तो म्हणाला. आठवडाभर उपाशी माणसाला हलकंच वाटणार. तिनं बरणी कपाटात ठेवली नाही, दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवू लागली. त्यानं स्वतःला समजावलं की आपण हे तिच्यासाठी गप्प आहोत. एका बाईचा एवढासा आनंद, त्यावर कशाला पाणी ओतायचं? पण अंथरुणावर पडला की त्याला ठाऊक असायचं की खरं बोललो तर उद्या सकाळी डॉक्टरचा फोन लावावा लागेल. बायकोच्या आनंदाला तो ढाल म्हणून वापरत होता आणि वर तिच्यावर उपकार केल्याचं पुण्यही गाठीला बांधत होता.

पंधरा दिवसांनी त्याची धाकटी बहीण आली. ती ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची; बोटांना कायम खळीचे पापुद्रे, बोलताना ते सोलत बसायची सवय. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, लग्न केलं नाही, दोन खोल्यांत एकटी राहते, आणि घरच्या खोडीप्रमाणे तिलाही तेच दुखणं. फक्त ती 'बघू' म्हणणारी नव्हती. ऑपरेशनची मंगळवारची तारीख घेऊनच आली होती. "काही नको मला," ती म्हणाली, "फक्त बुधवारी घरी सोडायला ये. रिक्षात एकटीनं बसायचं नाही म्हणतात." तो "येतो की" म्हणाला आणि त्याला मनातून तिचा हेवा वाटला. तेवढ्यात बायकोनं फळीवरची बरणी आणून तिच्यापुढं ठेवली. आधी बहीण हसली. मग वहिनी बोलत गेली तशी तिनं बरणी उचलली, उजेडाकडे धरली, हलवली. खडे एकमेकांवर घरंगळले. "वहिनी, खरंच?" "अगं मग काय खोटं? ह्या हातांनी धुतलेत. विचार तुझ्या दादाला, बघ, तेव्हापासून एक कळ नाही." हे खरं होतं. कळ आली नव्हती. त्याच्या पोटातले सातही जण गपगुमान बसले होते, जणू त्यांनाही पुढं काय होतंय ते बघायचं होतं.

बहिणीनं बरणी खाली ठेवली आणि त्याच्याकडे तोंड केलं. खळीचा एक पापुद्रा तिनं अंगठ्यावरून सोलला. "दादा, तू सांग. वहिनीचं राहू दे, ती भोळी आहे. तुझं शिक्षण रसायनांतलं. हे खडेच ना?" बायको त्याच्याकडे बघत होती. बहीण बघत होती. खोलीत पंखा फिरत होता आणि त्याच्या एका पात्याला बारीकसा खडखडाट होता, जो नीट करायचं तो तीन महिने म्हणत होता. त्याला वाटलं, 'माहीत नाही' म्हणावं. तेवढंही पुरलं असतं. ती शहाणी होती, 'माहीत नाही' एवढ्यावर ती मंगळवारी गेली असती. पण माहीत नाही असं म्हटलं असतं तर बायकोनं विचारलं असतं, म्हणजे काय माहीत नाही? आणि मग एकेक धागा उसवत सगळं त्याच्या बरगडीपर्यंत आलं असतं. "खडेच की," तो म्हणाला. "नाहीतर काय?" आणि वर, कुणी मागितलेलं नसताना, "रंगावरूनच कळतं." बायको उठून चहा टाकायला गेली तेव्हा तिची पाठ सरळ झाली होती. बहिणीनं सुटकेचा निश्वास सोडला. म्हणजे तीही घाबरलेलीच होती. बुधवारी घरी सोडायला ये, एवढं हलकेच म्हणणाऱ्या त्या पोरीला वडिलांचा तो दिवस आठवत होता; तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली होती. हे त्याच्या डोक्यात ती गेल्यावर आलं. मंगळवारची तारीख जाण्याआधी तिनं त्याच्याच फोनवरून रद्द केली होती.

त्यानंतर आठवडाभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. चांगली कढई त्यानं नापास केली, ती पुन्हा तपासावी लागली, आणि हाताखालचे लोक एकमेकांकडे बघून भुवया उडवू लागले. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो घरी न सांगता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तपासणी केंद्रात गेला, उघड्या पोटावर गार मलम लावून घेऊन पडला. यंत्र फिरवणारी मुलगी मान वळवून पडद्याकडे बघत मोजत होती. पाच, सहा, सात. "पूर्वीचा रिपोर्ट आहे का? आकारही तेवढेच दिसतायत." वेडी आशा कशी असते बघा, त्याला स्वतःच्या बोटांवर भरवसा होता तरी तो तिथं गेला होता, बोटं चुकली असतील तर बरं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण चुकावं असं वाटलं होतं. रिपोर्टची घडी खिशात घालून तो फुटपाथवर उभा राहिला आणि त्यानं बहिणीला फोन लावला. आता सांगायचंच. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. तिकडून तिचा थकलेला पण खुशीतला आवाज आला. "दादा! मीच करणार होते. काल घेतलं, आज सकाळी निघाले. चाळीसच्या वर आहेत! वहिनीला दे फोन." "मी बाहेर आहे," तो म्हणाला. "मग तू सांग तिला. किती घाबरले होते रे मी." रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि तो जाईपर्यंत दोघंही थांबली. मग तो म्हणाला, "वा." एवढंच म्हणाला. आता झालंच आहे तर लगेच सांगून तरी काय, जरा दमानं सांगू, असं तो चालता चालता ठरवत होता. रिपोर्ट त्यानं चार तुकडे करून वाटेतल्या कचरापेटीत टाकला.

ते दमानं सांगणं राहून गेलं. रविवार आले, गेले. ती एकदा येऊन जेवून गेली, दोन घास कमीच जेवली, आणि बायकोनं तिला, "अजून पोट नाजूक असेल," म्हणून ताक दिलं. तीन आठवड्यांनी तिच्या शेजारच्या बाईचा फोन आला. सकाळची वेळ होती, तो बूट घालत होता. तो पोचेपर्यंत बहिणीला दवाखान्यात आणलं होतं. तिचे डोळे पिवळे होते. नखं पिवळी होती, आणि खळीच्या पापुद्र्यांखालची कातडीसुद्धा. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन बोलला, तरुण होता, दमलेला होता. एक बारीक खडा पिशवीतून सुटून नळीत अडकला होता. पित्त तुंबलं, आत पू झाला, विष रक्तात गेलं. आता आधी नळी मोकळी करायची, मग पुढचं पुढं. "महिन्याभरापूर्वीची तारीख होती ह्यांची. साधं काम होतं. का आल्या नाहीत?" त्यानं खाली वाकून बुटाची नाडी बांधली. "घरगुती काही घेतलं होतं का? लोक काय काय करतात." त्यानं खांदे उडवले. आपले खांदे उडालेले त्याला दिसले. समोरच्या काचेच्या दारात दिसले. "आता मी काही शब्द देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाला. "सही कोण करणार? नवरा?" "भाऊ आहे मी," तो म्हणाला. कागद त्यानं भिंतीला टेकवून धरला आणि सही केली. सवयीनं, खाली न वाचता.

तिला आत न्यायच्या आधी पाच मिनिटं त्याला पडद्याआड सोडलं. ती जागी होती. ओठ सुकलेले, कपाळ तापलेलं, पण डोकं ठिकाणावर होतं. त्याला बघून तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "दादा, माझंच चुकलं रे. तेल सगळं पोटात राहिलंच नाही. थोडं ओकले मी. फोनवर सांगितलं नाही, वहिनीला वाईट वाटेल म्हणून." तो तिच्या हाताकडे बघत राहिला. आणि मग, खरंच, त्यानं सांगितलं. ह्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. आवाज चिरकला, शब्द मागंपुढं झाले, पण सांगितलं. "ऐक. तुझं काही चुकलं नाही. ते खडे नव्हतेच. माझेही नव्हते, तुझेही नव्हते. साबण होता तो, तेलाचा बनलेला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझे अजून आत आहेत, सातच्या सात. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पिवळ्या डोळ्यांत हसू आलं. "दादा, तू ना," ती म्हणाली, "आरशाच्या वेळीही असंच केलंस."

"कुठला आरसा?"

"बाबांचा, दाढीचा. फोडला मी आणि मार खाल्लास तू. अजून तेच करतोस. म्हणे साबण!" तिला धाप लागली. "असं काही बोलून माझं मन हलकं करू नकोस. चूक माझी आहे, मला कळते. आणि वहिनीला एका शब्दानं बोलायचं नाही, सांगून ठेवते. किती मायेनं केलं तिनं."

आरसा त्यानं फोडला होता. तो तेरा वर्षांचा होता, ती पाच. चेंडू त्याचा, नेम त्याचा. वडिलांची पावलं वाजली तेव्हा त्यानं एक तुकडा तिच्या मुठीत दिला आणि दाराआड सरकला. तिला पट्टी बसली, उघड्या तळव्यावर, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या उचक्या थांबल्या नव्हत्या. मग ही उलटी गोष्ट तिला कुणी सांगितली? त्यानंच. लग्नानंतर पहिल्याच वर्षी, बायकोवर छाप पाडायला, बहीण शेजारी बसलेली असताना. तेव्हा त्याला वाटलं होतं की ती हरकत घेईल. तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं होतं, जरा गोंधळून, आणि मग तीही सगळ्यांबरोबर हसली होती. पुढं त्यानं ती इतक्यांदा सांगितली की तिला तीच आठवू लागली. पाच वर्षांच्या पोरीच्या आठवणीचं ते काय!

आत्ता तेवढं सांगायला हवं होतं. आरसा मी फोडला. तीन शब्द. ते सांगितलं असतं तर कदाचित साबणाचंही पटलं असतं, आणि ती स्वतःला दोष देत आत गेली नसती. पडदा सरकला, दोन माणसं आली, त्यांनी पलंगाची चाकं मोकळी केली. तिनं त्याचा हात एकदा दाबला आणि सोडला. तो पलंगाबरोबर दारापर्यंत चालला. दहा पावलं होती. ती त्याच्याकडेच बघत होती, डोळ्यांत तीच माया, तोच विश्वास, आणि त्याला वाटलं की आता ह्या वेळी तिचा तेवढा तरी आधार कशाला काढून घ्यायचा. त्यानं मान डोलावली. दार मिटलं.

बाहेरच्या बाकावर बायको येऊन बसली होती, पदरानं डोळे टिपत. "काय म्हणाली?" तिनं विचारलं. "थोडं तेल ओकली होती म्हणे," तो म्हणाला, "तिनंच सांगितलं." बायकोनं सुस्कारा सोडला. "तरीच," ती म्हणाली. तो तिच्या शेजारी टेकला. आपण सांगितलं, तिनं ऐकलं नाही, हे वाक्य त्यानं मनात एकदा म्हणून पाहिलं, मग आणखी एकदा. त्यात खोटं काहीच नव्हतं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता येत होता.